वाडीची वरची पोर

कासम, तू गेल्यापासून गावात जो उठतो तो तुझ्याबद्दल गोड बोलतो, आणि मला त्याचा राग येतो. परवा वाण्याच्या दुकानात एक गृहस्थ म्हणाले, "देवीडॉक्टर म्हणजे देवमाणूस हो." हेच गृहस्थ, देवी टोचायची तुझी पेटी लांबून दिसली की नातवंडांना माळ्यावर चढवायचे. एरवी मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं असतं. पण तुझ्या बाजूने तोंड उघडायचं तर आधी माझंच तोंड स्वच्छ हवं. गुळाची पुडी घेतली आणि मुकाट घरी आलो.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, तुझ्या जियारतीला, टपालवाल्याने मला एक लांबट लखोटा आणून दिला. तुझ्या अंगणातच दिला, कारण सगळं गाव तिथेच होतं. फातिहा चालू होता म्हणून मी तो न फोडता खिशात घातला. घरी येऊन वाचला. सरकारने आपल्या इलाख्यातल्या मुलांसाठी एक मंडळ नेमायचं ठरवलंय. शाळा, दवाखाना, देवी टोचणी, जन्ममृत्यूची बुकं, या सगळ्या खात्यांचा मुलांपुरता मेळ घालायला एक मंडळ. खाली तालुक्यातालुक्यातून एकेक सभासद. आपल्याकडून कोण, तर मी. अरे, कल्पना तुझी, अर्ज तुझे, कर्जत ते खालापूर जोडे झिजवले तू, आणि खुर्ची माझ्या नावाने आली.

पहिली सभा सोमवारी. आज रविवार. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती आठ वर्षं ओठांवर यायची आणि मी गिळायचो. आपण दोघांनी केलेल्या पोरांच्या जोडबुकात, पळसवाडीच्या बुधी नावाच्या पोरीच्या पानावर, 'मयत' हा शब्द मी लिहिला होता. तुला हे माहीत होतं, हे मलाही माहीत आहे. पण मी ते तुझ्यासमोर उच्चारलं नाही, आणि दोष तू घेतलास. त्या शब्दापायी पळसवाडीच्या त्यानंतर जन्मलेल्या पोरांचे दंड आजही टोचणीवाचून कोरे आहेत, आणि या महिन्यात पायथ्याच्या गावात देवीची साथ आली आहे. दोन घरांना कडुनिंबाच्या डहाळ्या लागल्यात. वाडी त्या गावाच्या डोक्यावरच.

आता मागचं बोलू. तुझ्याशी बोलताना मला क्रमाने बोलता येत नाही. तू मध्येच "मुद्द्यावर या, मास्तर" म्हणायचास आणि मी चिडायचो. खालापूरच्या शाळेत एका तरटावर बसून आपण अक्षरं गिरवली, पुढे मी मास्तर झालो म्हणून तू मला मास्तर म्हणायला लागलास, आणि त्यात निम्मी थट्टा होती हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मंडळाचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते त्या कातकरी पोरामुळे. आठवतं? माझ्या हजेरीपटावरून मी त्याचं नाव कमी केलं होतं, महिनाभर आला नाही म्हणून. दवाखान्यात त्याच्या नावाची क्विनाइनची पुडी पडून होती. तुझ्या बुकात तो टोचणी चुकवून पळालेला. पाटलाच्या बुकात त्याचा जन्मच नव्हता. आणि पोर होतं कुठे? आईबापाबरोबर कोळशाच्या भट्टीवर, तापाने फणफणलेलं. तू त्याला पाठुंगळी मारून खाली आणलंस. माझ्या शाळेच्या ओट्यावर त्याला निजवून म्हणालास, "चार खाती हायत रं मास्तर, आन चौगांना मिळून येक पोर सापडत नाय. बैल हरवला आस्ता तर सांजच्याला कळलं आस्तं."

त्या दिवसापासून तुझं एकच पालुपद. मुलांसाठी सरकारात एक जागा हवी. तिथे एका पोराचं एकच पान हवं. जन्म, टोचणी, दवाखाना, शाळा, सगळं त्या पानावर. मी म्हणायचो, सरकारला उद्योग नाहीत का? तू म्हणायचास, उद्योग हायत, पोरं नायत. आणि मग सरकारला नमुना दाखवायचा म्हणून आपण दोघांनी आपल्या खोऱ्यापुरतं ते बुक करायला घेतलं. पाटलाचं जन्माचं बुक, तुझं टोचणीचं आणि माझा हजेरीपट, तिन्ही जोडून एक. जोडबुक हे नाव तूच ठेवलंस. दोन उन्हाळे आपण त्यात घातले. माझी बायको म्हणायची, या बुकाचं एकदा बारसं करून टाका.

काम संपत आलं तेव्हा आपण एक गंमत पाहिली. तेव्हा ती गंमतच वाटली. अख्ख्या खोऱ्यात एकाही पोराचं पान पुरतं भरलेलं नव्हतं. कुणाचा जन्म नाही, कुणाची टोचणी नाही, कुणी शाळेत नाही. पुरतं भरलेलं पान फक्त एक. बुधी, पळसवाडी, वय आठ. जन्म नोंदलेला, तिथीवारासकट. देवी टोचल्या, दोन्ही दंडांवर उठल्या. शाळेत दाखल, हजेरी उत्तम. तू पान माझ्यापुढे सरकवलंस आणि म्हणालास, "हिला पायलंस का कदी?"

मी आठवू लागलो. पळसवाडीची पोरं माझ्या शाळेत डाव्या भिंतीशी बसायची. बुधीचं नाव मी रोज पुकारायचो, 'हाजर' असं रोज ऐकायचो, आणि खूण करायचो. पण तिचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. मला आधी माझी लाज वाटली. पाहणीला पट मोठा दिसावा म्हणून पाटलाच्या बुकातली नावं मी सरसकट उतरवून घेतली होती, ते तुला तेव्हाच सांगून टाकलं. तू हसलास. तुझ्या आधीचा टोचणीवालाही वाडी चढायला नको म्हणून पाटलाच्या ओसरीवर बसून तीच नावं उतरवत असे आणि पुढे 'उठल्या' लिहीत असे. म्हणजे तिघांनी मिळून एका नसलेल्या मुलीला वाढवलं होतं, आणि कुणालाच फार खोटं बोलावं लागलं नव्हतं.

इथवर मला सगळं समजत होतं. पुढचं आजही समजत नाही.

तू म्हणालास, "मास्तर, मी सोता टोचलीय तिला." आणि मग तू ते सांगितलंस, जे तू दुसऱ्या कुणाला सांगितलं नसशील. तू पहिल्यांदा वाडीवर गेलास तेव्हा बारा नावं म्हणून बारा पोरांपुरती लस नेली होतीस. भर दुपार होती. फणसाखाली पोरं ओळीने येत गेली, तू दंड पुसत गेलास, फुंकर घालत गेलास, "मुंगी चावली बग" म्हणत टोचत गेलास. बारा वेळा म्हणालास. लस संपली. आठवड्याने खपल्या बघायला गेलास तर पोरं अकरा. घरोघर शोधलंस. अकराच. मी विचारलं, बारावा दंड कुणाचा होता? तू बराच वेळ पेटीची कडी उघडझाप करत बसलास. "तोंड नाय ध्यानात. दंड गार व्हता. येवडंच ध्यानात हाय."

मी म्हटलं, ऊन लागलं असेल. तू म्हणालास, आसंल.

मग आपण दोघं वाडीवर गेलो. नागी म्हातारी नाचणी पाखडत बसली होती. वाडीत तिचा शब्द चालतो. तू तिला सरळ विचारलंस, बुधी कुणाची? तिने सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "बुधी वाडीची. वरची पोर हाय ती. जो मोजतो तो नेतो, दादा. देवी मोजती, ताप मोजतो, तुमचं सरकार मोजतं. म्हून येक वरची ठेवायची. न्यायचं त्यानं तिला न्यावं, आमच्याला हात नाय लावायचा." तिच्या सासूच्या सासूपासून असंच चाललंय, म्हणाली. पोरं जेवायला बसली तेव्हा मी पाहिलं. पळसाची बारा पानं मांडली होती. बाराव्या पानावर भाकरीचा तुकडा, मीठ, मिरची. दोन्हीकडच्या पोरांनी मध्ये बसायला जागा सोडली होती, आणि त्यातलं धाकटं पोर त्या जागेकडे बघत काहीतरी बोलत होतं, शेजारच्याशी बोलावं तसं. मला पाणी हवं होतं, पण मी ते तिथे मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी डाव्या भिंतीकडे नीट पाहिलं. पळसवाडीच्या पोरांच्या रांगेत तिसऱ्या जागी एकाला बसता येईल एवढं तरट मोकळं. दाटी झाली, बाकीची पोरं एकमेकांच्या मांडीवर आली, तरी ती जागा मोकळी. हे दोन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी हजेरी घेतली. बुधीचं नाव आलं तेव्हा मुद्दाम मान वर करून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिलो. 'हाजर' ऐकू आलं. कुणाचंही तोंड हललेलं मला दिसलं नाही. पोरं चलाख असतात, मास्तरला फसवायच्या त्यांच्या शंभर तऱ्हा, हे मी स्वतःला त्या दिवशी किती वेळा सांगितलं असेल, कासम.

आणि मग आपलं भांडण झालं. तेवढं मोठं भांडण आपलं एकदाच. जोडबुकाची पाहणी करायला वरून साहेब येणार असा हुकूम आला होता, आणि नमुन्यादाखल एका वाडीतली पोरं प्रत्यक्ष मोजणार होते. पळसवाडीच जवळ, म्हणून ती. मी म्हटलं, बुधीचं पान काढ. एक खोटं पोर सापडलं की साहेब सगळंच बुक खोटं म्हणणार, आणि तुझं मंडळ गेलं चुलीत. तू म्हणालास, पान ठेवायचं आणि खरं काय ते त्यावर लिहायचं. "ज्या वाडीला मोजणाऱ्याचंच भ्या वाटतं, ती वाडी मंडळाला नको का कळाया? उद्या लस घेऊन कुनी वर जाईल तो काय समजून जाईल?" मी तुला वेडा म्हटलं. तू मला भित्रा म्हणालास. ते खरं होतं म्हणूनच मला ते लागलं.

तू पेटी उचलून वाडीवर निरोप द्यायला निघून गेलास. बुक माझ्याकडे. शाळा सुटलेली, ऊन टळटळीत. मी पान उघडलं. त्या बुकात खाडाखोड चालत नव्हती, पान बंद करायचं तर कारण लागे. गाव सोडलं लिहावं तर कुठे गेली ते हवं. लग्न लिहावं तर नवरा हवा. मी 'मयत' लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'ताप' लिहिलं.  माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं. शाई वाळेपर्यंत मी तिथेच बसलो होतो. पाटीवर पेन्सिल ओढल्याचा आवाज आला, एकदाच, डाव्या भिंतीकडून. तिकडे पाली फार. मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पळसवाडीची पोरं आली आणि खांद्याला खांदा लावून बसली. मधली जागा नव्हती. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तुला तर नाहीच. हजेरीत मी तिचं नाव गाळलं. एकाही पोराने मान वर केली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब. फणसाखाली पोरं उभी केली. साहेबांनी काठीने एकेकाकडे दाखवत मोजली आणि म्हणाले, "बारा." मी मोजली होती, अकरा. मी पुढे होऊन म्हटलं, साहेब, अकरा आहेत. त्यांनी पुन्हा मोजली. बारा. तिसऱ्यांदा जरा चिडूनच मोजली, आणि काठी ओळीच्या टोकाला, फणसाच्या बुंध्याशी थांबली. "ही. हिचं नाव काय?"

नागी म्हातारी म्हणाली, "बुधी."

साहेबांनी पान काढलं. आधी हसले. मग हसू गेलं. "ही पोर माझ्यासमोर उभी आहे आणि तुम्ही तिला तापाने मारून मोकळे झालात? कुणी लिहिलं हे?" बायकांमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. मी बुंध्याकडे बघत होतो. मला बुंधा दिसत होता, त्यावरचे मुंगळे दिसत होते. तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्याकडे घर होतं, बायको होती, निवृत्तीला उरलेली वर्षं होती, हे सगळं तू एका नजरेत मोजलंस असं मला वाटतं. आणि म्हणालास, "नोंद माझी हाय, साहेब."

मी तोंड उघडलं नाही. नुसता उभा राहिलो.

उतरताना तू एवढंच म्हणालास, "साहेबांनी बराबर मोजली, मास्तर." त्यावरून आपण पुढे वर्षानुवर्षं वाद घातला. मी म्हणायचो, साहेबाला चढणीने भोवळ आली होती, नाहीतर कुणाची पाहुणी पोर मध्ये येऊन उभी राहिली असेल. तू म्हणायचास, पाहुणी आस्ती तर तुलाबी दिसली आस्ती. वाद बुधीवर चालायचा. तो 'मयत' कुणी लिहिला यावर आपण कधीच आलो नाही. तू मला वाट करून देत होतास का रे? बुधीचं बोलता बोलता मी तिथे येईन, असं वाटायचं का तुला? मी यायचो, अगदी तोंडाशी, आणि चहा मागवायचो.

पुढचं सगळं तुझ्यावर आलं. जोडबुक दप्तरी दाखल झालं, म्हणजे कपाटात गेलं. निष्काळजीपणाचा शेरा तुझ्या नावावर पडला. तुला दोन वर्षं खाली खाडीकाठी धाडलं. आणि त्याआधी, त्याच पावसाळ्यात, तुझी हलिमा तापाने गेली. सहा वर्षांची. मी जनाज्याबरोबर चाललो, तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू काही बोलला नाहीस, पुढे चार महिने बोलला नाहीस. मला वाटलं दुःखाने. दुसरं काही माझ्या मनात आलं नाही, शपथेवर सांगतो.

पळसवाडीने तुला दार बंद केलं. आमच्या वरच्या पोरीला यानं मारली, आता वाडी उघडी पडली, हा मोजायला येऊच नये, असं त्यांचं म्हणणं. परत बदलून आलास तरी तेच. दर वर्षी थंडी पडली की तू पेटी घेऊन चढायचास, वाडीच्या हद्दीवरच्या आंब्याखाली दुपारभर बसायचास, आणि न टोचता उतरायचास. कुणी येत नसे. मी एकदा म्हटलं, कशाला जीव शिणवतोस? तू म्हणालास, "बसतो. बरं वाटतं तितं."

या गुरुवारी, पायथ्याला देवी आल्याचं कळल्यावर, मी वाडी चढलो. साठीकडे आलेला माणूस, चार ठिकाणी बसलो. नागी आता फारच म्हातारी झालीय, डोळ्यांत फूल पडलंय. मी हात जोडून सांगितलं. कासमने नाही, मी लिहिलं होतं. त्याचा राग पोरांवर काढू नका, नव्या देवीडॉक्टरला वर येऊ द्या.

तिने सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मंग तो इतकी वर्सं काय म्हून बसायचा?" उत्तराची वाट न बघता ती म्हणाली, "आमी लांबून बगायचो. येकला नसायचा. बुधी बसायची त्याच्यापाशी. आदी येकटीच बसायची. मागनं दोगी बसाया लागल्या."

मी विचारलं, दुसरी कोण?

"आमची न्हवं. आमी इचारलं नाय." मग तिने सूप पुढे ओढलं. "माज्याकडं काय सांगतोस? आदी त्याच्या घरी जा. घरधनीन हाय का त्याची? तिला सांग. मंग आन तुजा लसवाला. हात देऊ."

कासम, भूतखेत मी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण उतरताना त्या आंब्यापाशी आलो, तर तुझ्या बसण्याने गवत दबून गुळगुळीत झालेली जागा होती. तिच्या डाव्या हाताला दोन लहान जागा तशाच होत्या. शेळ्या बसत असतील. तसंच असेल. मी ती जागा टाळून, काट्याकुट्यातून वळसा घालून खाली आलो.

घरी येऊन आधी मंडळाला पत्र लिहिलं. खोटी नोंद माझी, शेरा माझ्या नावावर घ्यावा, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्यावी, आणि जोडबुक कपाटातून काढावं. लगेच टपालपेटीत टाकलं. त्यानंतर दोन दिवस तुझ्या घरावरून नुसताच जायचो. भाबीपुढे जायचा धीर होत नव्हता. आज दुपारी गेलो.

आमिनाभाबीची इद्दत चालू आहे, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही. ती पडद्यामागे बसली, मी ओसरीवर. तुझी पेटी खुंटीला तशीच आहे. मी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. मला वाटलं होतं तिला ठाऊक असेल. नवरा बायकोला सांगतो. तिला ठाऊक नव्हतं. तू तिलाही सांगितलं नव्हतंस.

 मग ती बोलली, अगदी हळू.

"हलिमा गेली तवा मी त्यांना म्हनले, तुमी जित्या पोरीला मेली लिवलीत, ताप लिवलात, तोच ताप माज्या घरात आला. रोज म्हनले, मास्तर. आट वर्सं. भांडान झालं की म्हनले, नाय झालं तरी म्हनले. जायच्या आदल्या दिवशीबी म्हनले. येकदाबी ते नाय बोलले की मी नाय लिवलं."

मी तिथे मेलो, कासम. तू माझी नोकरी वाचवलीस एवढंच मला आजवर वाटत होतं. त्याचं मोल तू तुझ्या घरात काय मोजत होतास, हे विचारायला मी कधी आलो नाही. तू रागावून एकदा जरी म्हणाला असतास, जा, सांग माझ्या बायकोला, तरी मी आलो असतो. आलो असतो का? काय माहीत.

 काहीतरी द्यायला हवं होतं तिला, आणि माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. मी म्हटलं, भाबी, तो वाडीखाली एकटा बसत नसे. नागीने सांगितलं ते सांगितलं. मी, जो आठ वर्षं तुझ्याशी हुज्जत घालत आलो, तो मी हे तिला सांगत होतो. आदी येक, मागनं दोगी. दुसरी वाडीची नव्हे.

पडदा हलला. तिने बाजूला केला नाही, पण ती अगदी जवळ आली असावी.

"अंगावर काय व्हतं तिच्या?"

मी विचारलं नव्हतं. सगळा जन्म पोरांची बुकं भरण्यात घालवला, आणि एवढं विचारायचं मला सुचलं नाही.

ती म्हणाली, "मला निगता येत नाय. तुमी जा. म्हातारीला इचारून या. मी हितं बसून हाय."

उद्या सोमवार. सभेला नाही, नव्या देवीडॉक्टरला घेऊन मी वाडीवर जातो.